आठ अक्षरं आणि एक ड्रॉपडाउन

फॉर्ममध्ये चारच रकाने होते. जन्मतारीख, वेळ, गाव आणि लिंग. लिंगाचा ड्रॉपडाउन आधीपासूनच 'पुरुष'वर लावलेला होता. टेस्ट करताना मी सवयीनं स्वतःची जन्मतारीख टाकली, ड्रॉपडाउनकडे लक्ष गेलं नाही आणि बटण दाबलं. स्क्रीनवर आलं ते साधारण असं: वरिष्ठांचा दबाव पेलण्याची ताकद, स्पर्धेतून तावूनसुलाखून अधिकारपद, उशिरा पण भक्कम यश. खोटं कशाला बोलू, वाचून बरं वाटलं.

मग चूक लक्षात आली. 'स्त्री' केलं. तारीख तीच, वेळ तीच, गाव तेच. वरची आठ अक्षरंही तीच. खालचा मजकूर मात्र वेगळा: संसारसुखात अडथळे, एकाहून अधिक पुरुषांमुळे मनस्ताप, लग्न उशिरा केलेलं बरं.

कोडमध्ये बग असणार असं धरून मी दोन तास शोधत बसले. बग नव्हता. प्रोग्राम सांगितलेलं काम चोख करत होता.

हे काम परदेशातल्या एका क्लायंटसाठी होतं. 'बाझी' नावाची पारंपरिक चिनी जन्मपत्रिका मांडून देणारं अ‍ॅप. बाझी म्हणजे शब्दशः 'आठ अक्षरं'. पत्रिका मांडणारा भाग माझ्याकडे होता आणि भाकितांची वाक्यं एका स्प्रेडशीटमधून यायची. माझा फलज्योतिषावर विश्वास नाही. पण 'खरं की खोटं' हा वाद घातला की लेख दोन परिच्छेदांत संपतो आणि वाचणारा जिथे होता तिथेच राहतो. मला या पत्रिकेकडे एखाद्या संहितेसारखं बघायचंय. ती रचतात कशी, वाचतात कशी, आणि वाचताना नेमकं कोण बोलत असतं?

मांडणी: इथे अजून गणितच आहे

आधी एक गैरसमज दूर करू. बाझीत एकही ग्रह नाही. मंगळ नाही, शनी नाही, राहू-केतूही नाहीत. ग्रहांची पत्रिका चीनला ठाऊक नव्हती असं नाही. आठव्या शतकात अमोघवज्र या बौद्ध भिक्षूनं नक्षत्रं आणि ग्रह यांवरचा ग्रंथ चिनी भाषेत नेला होता, आणि त्याच काळात गौतम सिद्ध हा भारतीय वंशाचा ज्योतिर्विद तांग दरबारात काम करत होता. पण बाझी ही परंपरा वेगळी. ती आकाश वाचत नाही, कॅलेंडर वाचते.

तिचा कच्चा माल म्हणजे दोन याद्या. एक दहा चिन्हांची, 'आकाशाची खोडं'. दुसरी बारा चिन्हांची, 'पृथ्वीच्या फांद्या'. या बारांनाच लोक उंदीर, बैल, वाघ, ससा अशा प्राण्यांच्या नावांनी ओळखतात. दोन्ही याद्या एकाच वेळी पुढे सरकत जातात. पहिलं खोड पहिल्या फांदीबरोबर, दुसरं दुसरीबरोबर. दहावं झालं की खोडांची यादी पुन्हा पहिल्यावर येते, फांद्यांची मात्र अकराव्यावर जाते. दहा आणि बाराचा लसावि ६०, म्हणून साठ जोड्यांनंतर चक्र पुन्हा सुरुवातीला येतं. आपल्या पंचांगातही प्रभव, विभव अशी साठ संवत्सरं आहेत, पण तिथे नावं फक्त वर्षांना आहेत. चीनमध्ये वर्ष, महिना, दिवस आणि तास या चौघांनाही याच साठांतली एकेक जोडी मिळते. चार जोड्या, आठ अक्षरं. प्रत्येक जोडीला 'स्तंभ' म्हणतात.

माझीच पत्रिका मांडून दाखवते. जन्म ६ फेब्रुवारी १९९७, सांगली, सकाळी साडेसात.

वर्षस्तंभ सोपा. १९८४ ला चक्र नव्यानं सुरू झालं, म्हणून १९९७ ही चौदावी जोडी: दिंग आणि बैल. पण थांबा. चिनी नववर्ष त्या साली ७ फेब्रुवारीला होतं, म्हणजे माझ्या जन्माच्या दुसऱ्या दिवशी. चायनीज हॉटेलातल्या कागदी टेबलमॅटवर शोधलं तर मी 'उंदीर' निघते. बाझीत मात्र वर्ष चंद्रावर नाही, सूर्यावर बदलतं. सूर्याच्या वार्षिक मार्गाचे पंधरा-पंधरा अंशांचे चोवीस टप्पे आहेत. त्यांतल्या 'लीचुन', म्हणजे वसंतारंभ, या टप्प्यावर सूर्य आला की नवं वर्ष. हा दिवस ४ फेब्रुवारीच्या आसपास येतो. म्हणून मी 'बैल'.

महिनेही याच टप्प्यांवर बदलतात, आपल्या संक्रांतींसारखे. लीचुननंतरचा पहिला महिना वाघाचा. त्याचं खोड वर्षाच्या खोडावरून ठरतं. त्यासाठी पाच ओळींचा नियम आहे, तो कोडमध्येही पाचच ओळींत मावला. माझा महिना: रेन आणि वाघ.

दिवसाचा स्तंभ मला सगळ्यात आवडतो, कारण त्याला कशाचीच पर्वा नाही. लीप वर्ष येवो, राजवट बदलो, दिवस एकामागून एक मोजत राहायचे. शांग काळातल्या हाडांवरच्या कोरीव लेखांत, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीसुद्धा, दिवसांना हीच साठ नावं दिलेली आहेत. तुम्ही फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून बघू शकता. १ जानेवारी २००० हा साठांतला ५५ वा दिवस. माझा जन्म त्याच्या १,०५९ दिवस आधीचा. १,०५९ ला ६० नं भागलं की बाकी ३९. पंचावन्नातून एकोणचाळीस गेले, उरले सोळा. सोळावी जोडी म्हणजे जी आणि ससा.

आता तास. चिनी 'तास' आपल्या दोन तासांचा. पाच ते सात ससा, सात ते नऊ ड्रॅगन. साडेसातला जन्म, म्हणजे ड्रॅगन. काम संपलं?

नाही. घड्याळात साडेसात म्हणजे भारतीय प्रमाणवेळेचे साडेसात, आणि ती वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. सांगली आहे साधारण ७४.६ अंशावर. दर अंशाला चार मिनिटं धरली तर सांगलीचा सूर्य घड्याळाच्या ३२ मिनिटं मागे आहे. म्हणजे माझा जन्म सूर्याच्या हिशोबानं सहा अठ्ठावन्नचा. दोन मिनिटांनी मी ड्रॅगनची ससा झाले. फेब्रुवारीत खऱ्या सूर्याची घड्याळी अजून सुमारे चौदा मिनिटं मागे असते, तीही धरली तर ससा पक्काच.

खुद्द चीनमध्ये हा घोळ मोठा आहे. सगळ्या देशाला एकच प्रमाणवेळ, आणि पश्चिमेच्या काशगरचा सूर्य तिच्यापेक्षा जवळजवळ तीन तास मागे. त्यात १९८६ ते १९९१ या काळात उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करायचे. शिवाय दिवस रात्री अकराला बदलतो की बाराला, यावर पंथांत वाद आहे, कारण उंदराचा तास अकराला सुरू होतो. मी या सगळ्यासाठी सेटिंग्ज ठेवल्या. क्लायंटनं त्या वापरणाऱ्यापासून लपवायला सांगितल्या. पर्याय दिसले की विश्वास कमी होतो, असं त्यांचं म्हणणं. कारण खरं होतं, फक्त त्यावरचा उपाय मला उलटा वाटला.

तरी इथपर्यंतचं सगळं तपासता येतं. चूक झाली तर दाखवता येते. चार स्तंभांच्या एकूण ५,१८,४०० पत्रिका होऊ शकतात. जगात आठशे कोटी माणसं धरली तर प्रत्येक पत्रिकेच्या वाट्याला सरासरी पंधरा हजारांच्या वर माणसं येतात. हेही गणितच. पुढे गोष्ट बदलते.

वाचन: इथून भाषा सुरू होते

आठही अक्षरांना लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी यांपैकी एक तत्त्व आणि धन किंवा ऋण (यांग किंवा यिन) अशी बाजू असते. यांना आपली पंचमहाभूतं समजू नका. पंचमहाभूतं म्हणजे पदार्थ ज्यांचा बनलाय ते घटक. चिनी शब्दाचा अर्थ 'चालणं'कडे झुकतो. या पाच अवस्था आहेत, एकीतून दुसरीकडे जाणाऱ्या. लाकूड अग्नीला जन्म देतं, अग्नी मातीला, माती धातूला, धातू पाण्याला, पाणी पुन्हा लाकडाला. दुसऱ्या बाजूनं लाकूड मातीला आवरतं, माती पाण्याला, पाणी अग्नीला, अग्नी धातूला, धातू लाकडाला.

आठांतलं एक अक्षर म्हणजे 'मी'. दिवसाच्या स्तंभाचं खोड. तांग काळातल्या ली शूचुंगच्या पद्धतीत वर्ष, महिना आणि दिवसावरून भविष्य सांगत. पुढे शू झपिंगच्या नावावर ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीनं तास जोडला आणि केंद्र वर्षावरून दिवसावर आणलं. हा बदल छोटा वाटतो, पण समीक्षेच्या भाषेत सांगायचं तर इथे निवेदक बदलला. वर्ष म्हणजे घराणं, पूर्वज. दिवस म्हणजे हा एक माणूस. त्याच्या भोवतीची सात अक्षरं त्याच्याशी काय नातं ठेवतात, हे वाचायचं. मला ही कल्पना सुंदर वाटते. माणसाचं वर्णन गुणांच्या यादीनं करायचं नाही, नात्यांच्या जाळ्यानं करायचं.

माझं 'मी' आहे जी, म्हणजे ऋण माती. बागेतली, शेतातली मऊ माती. पहिला प्रश्न: ही माती सशक्त की अशक्त? जन्म वाघाच्या महिन्यातला, वाघाचं मुख्य तत्त्व लाकूड, आणि लाकूड मातीला आवरतं. दिवसाची फांदी ससा, तीही लाकूड. म्हणजे माती अशक्त. आता तास. ससा धरला तर लाकूड अजून वाढतं, पण त्याच्या डोक्यावर दिंग, म्हणजे ऋण अग्नी येतो. लाकूड अग्नीला पोसतं, अग्नी मातीला. दबावच आधार होतो. परंपरेत या रचनेला फार मान आहे. पुरुषाच्या मजकुरातलं अधिकारपद तिथून आलं होतं.

ड्रॅगन धरला तर? ड्रॅगनचं तत्त्व माती, म्हणजे मला मूळ मिळालं, बळ आलं. पण वाघ, ससा आणि ड्रॅगन हे तिघं एकत्र आले की पूर्व दिशेचा गट होतो आणि तिघंही लाकूडच होतात, असाही नियम आहे. मग ड्रॅगन माझा आधार की माझ्यावर चालून येणाऱ्या फौजेतला तिसरा? दोन्ही वाचनांना ग्रंथांचा आधार मिळतो. शिवाय 'मी' फारच अशक्त असेल तर झुंजू नये, प्रबळ तत्त्वाला शरण जावं, अशीही एक रचना आहे. ती लागू केली की शुभ-अशुभ उलटतं. कालपर्यंत जी अग्नी आणि माती मला तारत होती, तीच आता बाधक ठरते.

म्हणजे नियमांची कमतरता नाही, उलट ते जास्त आहेत. कुठला नियम आधी लावायचा याचा नियम मात्र नाही. माझ्या कामात याला 'अनडिफाइन्ड बिहेवियर' म्हणतात. प्रोग्राम चालतो, उत्तरही देतो, पण तेच उत्तर का, ते कुणी सांगू शकत नाही.

समोर बसणारा ज्योतिषी ही जागा बोलून भरतो. जन्मवेळ नक्की नसेल तर तो भूतकाळातल्या घटना विचारतो आणि कुठला तास जुळतो ते बघतो. आमच्याकडे याला ओव्हरफिटिंग म्हणतील: उत्तरं बघून मॉडेल बेतायचं आणि मग ते अचूक निघालं म्हणून खूश व्हायचं. पण निदान तिथे एक माणूस दुसऱ्या माणसाचं ऐकून घेत असतो. चेहरा पडलेला दिसला तर तो वाक्य बदलेल. स्प्रेडशीटला चेहरा दिसत नाही.

कोशात कोण राहतं

आता त्या ड्रॉपडाउनकडे येऊ. 'मी' आणि बाकीची तत्त्वं यांत पाच नाती संभवतात, धन-ऋण मिळून दहा. त्यांना 'दहा देव' म्हणतात. त्यांची नावं वाचली की कुठल्या जगात हे लिहिलं गेलं ते कळतं.

मला जे जन्म देतं ते 'मोहोर'. सरकारी शिक्का. मी ज्याला आवरते ते 'संपत्ती'. जे मला आवरतं ते 'अधिकारी', आणि त्याचंच उग्र रूप 'सात वध'. माझ्यासारखंच जे असतं त्यातल्या एकाचं नाव 'संपत्ती लुटणारा'. मी ज्याला जन्म देते, म्हणजे माझी वाणी, कला, कर्तृत्व, त्याच्या दोन रूपांतलं एक 'अन्नदेव' आणि दुसरं 'अधिकाऱ्याला जखम करणारा'.

ही परीक्षा देऊन नोकरशाहीत शिरणाऱ्या समाजाची शब्दसंपत्ती आहे. शिक्का, पद, पगार, वरिष्ठ, वाटा मागणारे भाऊ. माणसाच्या आयुष्यात याहून वेगळं काही घडू शकतं, याला या कोशात शब्दच नाही.

आणि यात नवरा-बायको कुठे बसतात? पुरुषाच्या पत्रिकेत बायको म्हणजे 'संपत्ती', तो ज्याला आवरतो ते. स्त्रीच्या पत्रिकेत नवरा म्हणजे 'अधिकारी', जो तिला आवरतो तो. एकाच नात्याची दोन टोकं, गणिताच्या दृष्टीनं अगदी सुसंगत. म्हणूनच ते इतकी शतकं कुणाला खटकलं नसावं.

माझ्या पत्रिकेत वाघातून 'अधिकारी' येतो आणि सशातून 'सात वध'. दोन्ही हजर. पुरुषासाठी याचा अर्थ पदांचा गोंधळ, दबाव, आणि तो पेलला तर सत्ता. स्त्रीसाठी याचा अर्थ पुरुषांचा गोंधळ. 'अधिकाऱ्याला जखम करणारा' प्रबळ असेल तर पुरुष तल्लख, बंडखोर, प्रतिभावान. तोच स्त्रीच्या पत्रिकेत प्रबळ असेल तर नवऱ्याला बाधक. म्हणजे चांगलं बोलणारी, लिहिणारी बाई नवऱ्याला लागते. हे वाक्य स्प्रेडशीटमध्ये वेगळ्या शब्दांत होतं. 'एफ' नावाच्या कॉलममध्ये, ओळींमागून ओळी.

मिंग काळातल्या 'सानमिंग तोंगहुई' या मोठ्या ग्रंथात स्त्रियांच्या पत्रिकांसाठी वेगळं प्रकरण आहे. पुरुषांसाठी वेगळं प्रकरण लागत नाही, कारण बाकी ग्रंथ त्यांचाच आहे. आमच्या ड्रॉपडाउनवरचा 'पुरुष' कुणा आळशी डेव्हलपरनं ठेवला असेल, पण परंपरेला तो अगदी शोभत होता.

आयुष्याचा काळही लिंगावरून बदलतो. दर दहा वर्षांचा एक 'भाग्यस्तंभ' असतो. तो महिन्याच्या स्तंभापासून पुढे मोजायचा की मागे, हे वर्षाचं धन-ऋण आणि तुमचं लिंग यांवरून ठरतं. सुरुवात कधी, तर जवळच्या टप्प्यापर्यंतचे दिवस मोजायचे आणि तीन दिवसांचं एक वर्ष धरायचं. बाई म्हणून मी पुढे मोजते: पुढच्या टप्प्यापर्यंत २७ दिवस, म्हणजे पहिला भाग्यस्तंभ नवव्या वर्षाच्या आसपास. पुरुष असते तर मागे मोजलं असतं: दोन दिवस आणि थोडे तास, म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या आतच नशीब सुरू.

न्याय म्हणून हेही सांगायला हवं, की आजचे अनेक अभ्यासक स्त्रीच्या पत्रिकेतला 'अधिकारी' तिची नोकरी म्हणूनही वाचतात. म्हणजे कोश बदलता येतो. गणिताला त्यानं धक्का लागत नाही, कारण गणितानं नवऱ्याचं नाव कधी घेतलंच नव्हतं.

हा कोश पत्रिकेच्या बाहेर आला की काय करतो, याचा आकडा उपलब्ध आहे. साठांच्या चक्रातल्या 'अग्नी-घोडा' वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला घातक ठरते, असा समज जपानमध्ये रुजला होता. तिथे १९६५ साली सुमारे १८ लाख २४ हजार मुलं जन्मली. १९६६ या अग्नी-घोड्याच्या वर्षी १३ लाख ६१ हजार. १९६७ साली पुन्हा १९ लाख ३६ हजार. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली गोष्ट आहे ही. आणि हा आठ अक्षरांचा नाही, फक्त पहिल्या दोन अक्षरांचा परिणाम. साठ वर्षं पुढे मोजलं की २०२६ येतं.

जुनी टेस्ट, जुना पॅच

हे सगळं आज आपल्याला शहाणपण आल्यामुळे दिसतंय, असं नाही. चीनमध्येच फार पूर्वी हा वाद झालाय. इसवीसनपूर्व २६० मध्ये चांगपिंगच्या लढाईनंतर शरण आलेल्या सैनिकांची कत्तल झाली. जुने ग्रंथ आकडा चार लाखांचा देतात. पहिल्या शतकातला विचारवंत वांग चुंग या प्रसंगाची चर्चा करतो. इतक्या माणसांचं नशीब एकाच दिवशी संपायचं होतं का? वांग चुंग अंधश्रद्धांवर सपासप वार करणारा म्हणून प्रसिद्ध, पण नशीब त्यानं सोडलं नाही. देशाचं नशीब व्यक्तीच्या नशिबापेक्षा बलवान असतं, असं उत्तर त्यानं दिलं. मी याला पॅच म्हणेन. टेस्ट फेल झाली की वर एक नियम चढवायचा.

सातव्या शतकात तांग सम्राट ताइझुंगनं ल्यू त्साय या विद्वानाला शकुन-मुहूर्ताचे ग्रंथ तपासून निवडायला सांगितलं. तेव्हा बाझी आजच्या रूपात नव्हती, तिची पूर्वज पद्धत होती. ल्यू त्सायनं चांगपिंगचा मुद्दा तर काढलाच, पण पुढे जाऊन एक साधी गोष्ट केली. इतिहासात ज्यांचा जन्मकाळ नोंदलेला आहे अशा राजांची भाकितं त्या पद्धतीनं काढली आणि त्यांच्या खऱ्या आयुष्याशी ताडून पाहिली. चीनचा पहिला सम्राटही त्यांत होता. भाकितं जुळली नाहीत, आणि ल्यू त्सायनं तसं लिहून दिलं. तेराशे वर्षांपूर्वीचा हा माणूस मला आमच्या टीममध्ये हवा होता.

आपल्याकडे हेच काम पुण्यात झालं. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा दोन गटांच्या पत्रिका ज्योतिषांना ओळखायला दिल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं पाठवली. सरासरी यश ४६ टक्के. नाणं उडवूनही साधारण इतकंच येतं. २००९ मध्ये हे 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं. पत्रिका छापणारे थांबले नाहीत, तसे तांग काळातही थांबले नव्हते. त्याच ली शूचुंगबद्दल, ज्याला या विद्येचा आद्य पुरुष मानतात, त्याचा समकालीन हान यू नोंदवतो की तो अमरत्वासाठी घेतल्या जाणाऱ्या औषधापायी गेला.

मग यात घेण्यासारखं काही आहे का

आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पाच अवस्थांची भाषा नात्यांबद्दल बोलायला चांगली आहे. 'तो मला आवरतो, पण त्यातूनच माझा आधार तयार होतो' हे वाक्य कितीतरी नोकऱ्यांबद्दल, कितीतरी आयांबद्दल खरं असतं. कविता म्हणून ही रचना श्रीमंत आहे. पाऊण तास कुणी तुमच्याबद्दल या भाषेत बोललं तर तुम्हाला स्वतःबद्दल नवं काही सुचेलही.

माझी तक्रार वेगळी आहे. मांडणीच्या गणिताची अचूकता वाचनाला उसनी दिली जाते. सूर्याचा टप्पा मी मिनिटापर्यंत काढला होता. तो आकडा स्क्रीनवर वर दिसायचा आणि त्याच फॉन्टमध्ये खाली यायचं: संसारसुखात अडथळे. वरचं विधान तपासता येतं म्हणून खालचंही तपासलेलं वाटतं. मधे कुठेतरी एका माणसानं निवड केलीय, कुठल्यातरी शतकातल्या समाजाचा कोश उघडलाय, ही शिवण दिसतच नाही. ती शिवण बुजवायचे पैसे मला मिळत होते.

मी टिकेट टाकलं. एकाच नियमाचे दोन अर्थ असतील तर वापरणाऱ्याला दोन्ही दाखवावेत, आणि ड्रॉपडाउन कोरा ठेवावा. आठवड्यानं उत्तर आलं. मजकूर पारंपरिक आहे, बदलू नये. ड्रॉपडाउनची सूचना मान्य. आता तिथे 'निवडा' असं येतं. माझ्या नावावर या विषयातलं इतकंच कर्तृत्व आहे.

त्याच महिन्यात आईचा फोन आला. माझा बायोडेटा एका ठिकाणी पाठवायचा होता. आमच्याकडच्या गुरुजींनी तिला सुचवलं होतं, जन्मवेळ साडेसातऐवजी सात वीस लिहा. दहा मिनिटांनी लग्नरास मकर राहते आणि मंगळ आठव्या घरातून नवव्यात जातो.

"हॉस्पिटलच्या कागदावर साडेसात आहे ना?" मी विचारलं.

"आहे. पण आजी म्हणते, रेडिओवरच्या बातम्या नुकत्याच संपल्या होत्या. कुणी घड्याळ बघितलं होतं तेव्हा? आणि दहा मिनिटांनी असं काय होतंय गं?"

मी तिला सांगलीच्या सूर्याची ३२ मिनिटं, ड्रॅगन आणि ससा, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे तिकडेही मुलीचंच बघतात."

"हो. तिकडेही."

थोडा वेळ दोघी गप्प होतो. मग तिनं विचारलं, "मग काय लिहू?"

मी म्हटलं, साडेसातच लिही. आणि खाली संपर्कासाठी बाबांचा नंबर आहे ना, तिथे माझा टाक.